गाडी साडेनऊ लाखांची, इंजिन चाळीस लाखांचं



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेलो. गाडीची किंमत उतरते, तिच्या स्पेअरची किंमत उतरत नाही. व्हिडिओच्या वेळेत त्यामागचं सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडा हिशोब आहे.

आपल्या भोसरीच्या बॅचमधला एक मुलगा आहे. मुलगा म्हणजे वय चौतीस, पण मला सगळे मुलगेच. व्हीएमसीवर जॉबवर्क करतो, चार माणसं हाताखाली आहेत, काम चोख. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला.

"सर, गाडी बघून ठेवलीय. जर्मन आहे. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २०१३ ची, अडीचशेच्या घरात हॉर्सपॉवर. नवीन होती तेव्हा ऑन-रोड चाळीस लाख. साडेनऊला देतोय."

"तुझ्याकडे किती आहेत?"

"साडेतेरा. उरलेले दुसऱ्या व्हीएमसीच्या ॲडव्हान्सला."

"आणि इंजिनाला किती ठेवलेस?"

"इंजिन एकदम मक्खन आहे सर. एक्स्प्रेसवेला मारून बघितली ना."

मी त्याला गाडी घेऊ नको असं म्हणालो नाही. कष्ट करणाऱ्या माणसाला हौस असावी, आणि वेगवान गाडीची हौस मलाही आहे. पण त्याने मांडलेल्या हिशोबात एक खातंच नव्हतं. आजचा लेख त्या खात्याबद्दल आहे.

बघा, चाळीस लाखांची गाडी दहा वर्षांनी साडेनऊला मिळते याचा अर्थ बाजाराने तिच्या पत्र्याची, सीटची आणि रुबाबाची किंमत उतरवली. इंजिन मात्र तेच आहे. त्याचा टर्बो, हाय-प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर आजही चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात. डॉलर-युरो वाढला तर चढ्या भावाने. मजुरीही तीच. म्हणजे तुम्ही एक चतुर्थांश भावात गाडी घेता, पण तिचा दवाखान्याचा खर्च पूर्ण भावाचा असतो. आणि मागच्या मालकाने जे पुढे ढकललं ते तुमच्या नावावर येतं. आरसी ट्रान्सफर होते तेव्हा त्याचं दुर्लक्षही ट्रान्सफर होतं.

माझा खंबाटकीचा धडा

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१२ मध्ये मीही एक सेकंडहँड टर्बो पेट्रोल सेदान घेतली होती. कंपनी सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, माझी होती. दर पंधरा दिवसांनी कूलंटची पातळी अर्धा इंच खाली जायची. मी काय करायचो? पंपावरच्या नळाचं पाणी भरायचो. पाणीच तर आहे, भरलं की झालं.

मे महिन्यात कोल्हापूरला सेमिनार होता. खंबाटकीचा चढ, एसी चालू, पुढे ट्रकची रांग. तापमानाचा काटा वर सरकायला लागला. तेव्हा मी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं असतं, तर हा किस्सा तिथेच संपला असता. पण मी म्हटलं, माथ्यावर पोचू, मग थांबू. दोन किलोमीटर. माथ्यावर पोचलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती.

हेड उतरवावं लागलं. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं, मग लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग मारावं लागतं, गॅस्केट नवीन, बोल्ट नवीन, त्यात ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. बिल आलं १ लाख ६४ हजार. मूळ गळती कुठे होती? एका प्लॅस्टिकच्या जोडनळीला केसाएवढी चीर. नळीची किंमत २,३०० रुपये. कोल्हापूरच्या हॉलचा ॲडव्हान्स बुडाला, पुढच्या महिन्याचं ऑफिसचं भाडं सासऱ्यांकडून उसनं घेतलं. सासरे काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता यातलं तांत्रिक नीट समजून घ्या. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असतं, त्यामुळे उकळण्याचा बिंदू वर जातो, आणि गंज रोखणारी रसायनं असतात. शिवाय सगळी सिस्टिम दाबाखाली असते. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच. चीर पडली की दाब टिकत नाही, आणि दाब गेला की कूलंट लवकर उकळतं. नळाचं किंवा बोअरचं जड पाणी भरलं की गंजरोधक पातळ होतं आणि आतल्या बारीक वाटांमध्ये क्षार बसतात. तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसतात ना, तेच.

ही गळती बऱ्याचदा गाडी गरम असतानाच होते आणि थेंब खाली पडायच्या आत वाळून जातो. म्हणून फरशीवर डाग दिसत नाही. दिसते ती फक्त नळीच्या जोडावर पांढरी किंवा गुलाबी खपली. साध्या हातपंपाने कूलंटच्या टाकीवर दाब देऊन पंधरा मिनिटं काटा बघायचा. प्रेशर टेस्ट म्हणतात त्याला, आणि चांगल्या गॅरेजमध्ये त्याचे फार पैसे घेत नाहीत. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय. बंद सिस्टिममध्ये कूलंट आपोआप कमी होत नसतं, एवढं एक वाक्य मला २०१२ मध्ये माहीत असतं तर सासऱ्यांसमोर उभं राहावं लागलं नसतं.

प्रत्येक इंजिनाचा ठरलेला आजार

जास्त ताकदीच्या इंजिनांची एक गंमत आहे. ती कुठे बिघडणार हे बहुतेक वेळा आधीच जगजाहीर असतं. साध्या गाडीत सगळे पार्ट्स भरपूर सवलत ठेवून बनवलेले असतात. इथे तेवढ्याच दोन लिटरमधून दुप्पट ताकद काढलेली असते, म्हणून जो दुवा कमजोर असतो तो सगळ्यांच्याच गाडीत कमजोर निघतो.

पोर्शेचं उदाहरण घ्या. १९९७ नंतरच्या बॉक्स्टर आणि ९११ मध्ये एम९६ नावाचं इंजिन होतं. त्यात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टच्या मध्ये एक शाफ्ट आहे, आणि त्याच्या टोकाला एक बंदिस्त बेअरिंग. ते बेअरिंग फुटलं तर टायमिंग जातं आणि व्हॉल्व्ह-पिस्टन एकमेकांवर आपटतात. सगळ्या गाड्यांमध्ये फुटत नाही, पण फुटलं तर इंजिनच गेलं. मग जाणकार मालकांनी काय केलं? ते बेअरिंग फक्त गिअरबॉक्स उतरवल्यावरच हाताला लागतं, आणि गिअरबॉक्स तर क्लच बदलताना उतरवावाच लागतो. म्हणून क्लचच्या कामातच ते बेअरिंग बदलून टाकायचं. दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी वाचली. २००९ च्या नवीन इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला.

बीएमडब्ल्यूच्या एम३ मध्ये २००७ पासून चार लिटरचं व्ही८ इंजिन होतं, ४२० हॉर्सपॉवर, ८,४०० आरपीएमपर्यंत फिरणारं. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची झीज इतकी प्रसिद्ध आहे की अनेक मालक आवाज यायची वाटच बघत नाहीत. लाखभर किलोमीटरच्या आसपास चेंबर उघडून बेअरिंग बदलून घेतात. काही बिघडलेलं नसताना! आपल्याकडे हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

त्याच कंपनीच्या दोन लिटर एन२० इंजिनात, २०१५ च्या आधीच्या गाड्यांमध्ये, टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड ठिसूळ होण्याचा प्रश्न होता. अमेरिकेत त्यावरून खटला झाला आणि समझोताही झाला. फोक्सवॅगन समूहाचं ईए८८८ कुटुंबातलं इंजिन आपल्याकडे लॉरा, सुपर्बमध्ये १.८ टीएसआय म्हणून पुष्कळ आलं. त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये चेनचा टेन्शनर हा कमजोर दुवा होता, पुढे कंपनीने तो सुधारला. नंतरच्या पिढीत प्लॅस्टिकचं वॉटर पंप-थर्मोस्टॅट हाउसिंग गळतं.

हे वाचून या गाड्या वाईट आहेत असं समजू नका. उलट, ज्याचा आजार माहीत आहे त्याची तयारी करता येते. तुम्ही जी गाडी बघताय तिचा इंजिन कोड काढा. मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे वेगळं इंजिन असतं. तो कोड घेऊन अशाच गाड्यांवर काम करणाऱ्या दोन वेगवेगळ्या मेकॅनिकना विचारा, "ह्याचं काय जातं?" दोघांनी एकच गोष्ट सांगितली की ती तुमच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहा. आणि तो पार्ट नवीन बसवल्याचं बिल विक्रेत्याकडे मागा. बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरूनच सौदा करा. "बदललाय हो, बिल शोधावं लागेल" हे उत्तर आपल्या धंद्यात आपण ग्राहकाकडून चेकबद्दल ऐकतो. त्याला जेवढी किंमत देतो तेवढीच इथे द्या.

ऑइल: किलोमीटर नव्हे, तास मोजा

सगळ्यात जास्त फायदा कुठे आहे विचाराल, तर ऑइलमध्ये. आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणाही तिथेच होतो.

जेसीबी किंवा जनरेटर ज्यांच्याकडे आहे त्यांना हे पटकन कळेल. जनरेटरची सर्व्हिस आपण किलोमीटरवर करतो का? त्याला तासांचा मीटर असतो. इंजिन किती फिरलं ते महत्त्वाचं. आता गाडीचं बघा. हायवेला सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किलोमीटर चालवली तर इंजिन सुमारे १६७ तास चाललं. तीच गाडी भोसरी-हिंजवडी-वाकड करत सरासरी २० च्या वेगाने तेवढीच चालवली तर ५०० तास. मीटरवर आकडा एकच, ऑइलचं काम तिप्पट. त्यात टर्बो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, एका बाजूला एक्झॉस्टचा निखारा, आणि मध्ये ऑइलचा पातळ थर. ते ऑइल जुनं झालं की तिथेच करपतं.

कंपनीच्या पुस्तकात १५,००० किलोमीटर किंवा वर्ष लिहिलं असेल. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते नवीन गाडीसाठी आणि पहिल्या मालकासाठी लिहिलेलं असतं. शहरात चालणाऱ्या, दहा वर्षं जुन्या टर्बो पेट्रोलला मी स्वतः ७,५०० किलोमीटर किंवा आठ महिने, जे आधी येईल ते, असं धरतो. साधारण पाच लिटर ऑइल, फिल्टर, मजुरी धरून बाहेरच्या चांगल्या गॅरेजला आठ ते बारा हजार होतात. जास्त वाटतं ना? टर्बोची किंमत विचारून या.

ऑइल घेताना डब्यावर फक्त ५डब्ल्यू-३० बघू नका. तो फक्त पातळपणा झाला. गाडीच्या पुस्तकात कंपनीची मान्यता लिहिलेली असते, फोक्सवॅगनची ५०२ किंवा ५०४, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०१, अशी. तो आकडा डब्याच्या मागच्या लेबलवर शब्दशः हवा. वर उल्लेख केलेल्या एम३ ला तर १०डब्ल्यू-६० लागतं. तिथे दुकानदाराच्या "हे पण चालतंय" ला अर्थ नाही. आणि डबा सीलबंद, बिल पक्कं. नकली ऑइलचा बाजार किती मोठा आहे हे स्पेअरच्या दुकानात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा.

पातळी दर रविवारी बघा. अशी इंजिनं थोडं ऑइल पितातच, पण किती पितात ते लिहून ठेवा. एन२० सारख्या काही इंजिनांना डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर बघावी लागते आणि त्यासाठी इंजिन गरम लागतं. म्हणून लोक बघतच नाहीत.

आता एक फुकटची तपासणी. ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकू देऊ नका. त्याचा कागद कापून, पिळून, उन्हात पसरवा. वर चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंड. चिकटले नाहीत आणि चमकतात, तर बेअरिंगचा किंवा पिस्टनचा धातू. काळे-तपकिरी कडक तुकडे दिसले तर प्लॅस्टिक, म्हणजे बहुधा चेनचे गाइड. अगदी बारीक चमक एखाद-दुसरी असतेच, पण नखाने उचलता येईल असा कण दिसला तर गाडी सुरू करू नका, मेकॅनिकला तो कागद दाखवा.

याच्या पुढची पायरी म्हणजे ऑइलचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर हे फार जुनं तंत्र आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात सुरू झालं, आणि आपल्याकडच्या डिझेल लोको शेडमध्येही त्यासाठी प्रयोगशाळा असते. इंजिन न उघडता आत काय झिजतंय ते कळतं. लोखंड वाढलं तर सिलिंडर किंवा चेन. शिसं, तांबं, कथील वाढलं तर बेअरिंग. सिलिकॉन म्हणजे धूळ, एअर फिल्टर नीट बसलेला नाही. सोडियम-पोटॅशियम म्हणजे कूलंट आत येतंय. एमआयडीसीत हायड्रॉलिक ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळा हे करून देतात, काही हजारांचं काम. नमुना ऑइल काढताना मधल्या धारेचा घ्यायचा, पहिला किंवा शेवटचा नको. पण लक्षात ठेवा, एकट्या रिपोर्टवर फार विसंबू नका. रक्तातली साखर एकदा तपासून जसं काही कळत नाही तसंच. तीन रिपोर्ट ओळीने ठेवले की खरं चित्र दिसतं.

बाकीचं पटापट

या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात. त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा कधी होतच नाही आणि ऑइलच्या वाफेची काजळी तिथे साचत जाते. सकाळी सुरू करताना थरथर, पिकअप मंद, मधूनच मिसिंग. यावर टाकीत ओतायच्या बाटलीचा उपयोग नाही, कारण ते औषध व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करतात. ऐकायला विनोदी आहे, पण उत्तम काम होतं. टरफल काजळी काढतं, धातूला ओरखडा पाडत नाही.

स्पार्क प्लग पुस्तकातल्या मुदतीच्या आधी बदला, कॉइल चारही एकदम नकोत, पण एक जास्तीची डिकीत ठेवा.

पेट्रोल भरायच्या झाकणाच्या आत कमीत कमी ऑक्टेन लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ९५. तेच भरा. कमी भरलं की इंजिन नॉकिंग ओळखून स्वतःची ताकद कमी करून घेतं, म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच गेलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. म्हणून फ्युएलच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा डोळ्यांनी आणि नाकाने तपासा. गरम इंजिनाजवळ पेट्रोलचा वास हा थांबून बघण्याचाच विषय आहे.

चालवायची पद्धत हीसुद्धा देखभालच. सकाळी सुरू केली की पाच मिनिटं उभ्यानं गरम करत बसू नका, अर्ध्या मिनिटात निघा, पण दहा-पंधरा मिनिटं दामटू नका. काट्यावर दिसतं ते कूलंटचं तापमान. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आणा, टर्बो निवतो. आणि मोठ्या गिअरमध्ये, १,५०० आरपीएमला, ॲक्सिलरेटर तळाला दाबून गाडी ओढायला लावू नका. छोट्या टर्बो इंजिनात त्यानेच अवेळी स्फोट होऊन पिस्टनला तडे जातात. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये यावरची चाचणीही आहे.

घर-कारखाना चार किलोमीटर असेल तर आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग पाऊण तास चालवा. नाहीतर ऑइलमध्ये आलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. हे एकमेव औषध आहे जे घ्यायला कोणी कंटाळत नाही.

खातं कुठून काढायचं

आता वही उघडा. मी वापरतो तो ठोकताळा सांगतो, शास्त्र नव्हे. गाडी नवीन असतानाची ऑन-रोड किंमत लिहा, तुम्ही दिलेली नव्हे. तिचे तीन टक्के दरवर्षी देखभालीला. चाळीस लाखांचे तीन टक्के म्हणजे १ लाख २० हजार. महिन्याला दहा हजार. वेगळं बचत खातं उघडा आणि दर पाच तारखेला, पगाराच्या दिवशी, तिथे वळवा. ज्या महिन्यात खर्च झाला नाही त्या महिन्यात पैसे परत काढायचे नाहीत. साडेनऊ लाखांचे तीन टक्के काढले असते तर वर्षाचे २८,५०० आले असते. तिथेच सगळे फसतात.

यात पहिला खर्च धरलेला नाही. गाडी हातात आली की पहिल्या आठवड्यात मी ज्याला 'शून्य सर्व्हिस' म्हणतो ती करा. सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, बेल्ट, आणि त्या इंजिनाचा जो ठरलेला आजार आहे त्याचा पार्ट. मागच्या मालकाने काय केलं हा प्रश्न संपवायचा आणि किलोमीटर आजपासून मोजायचे. यासाठी गाडीच्या किमतीबाहेर दीड-दोन लाख बाजूला नसतील, तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही. डाउन पेमेंट जमलं म्हणून बजेटमध्ये आली असं होत नाही.

आणि "कंपनीच्या नावावर घेऊ, जीएसटी सुटेल" म्हणणाऱ्यांसाठी. तेरा किंवा त्याहून कमी सीट असलेल्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांची खरेदी-विक्री हाच धंदा असेल तर गोष्ट वेगळी. त्याच गाडीच्या दुरुस्ती-सर्व्हिसवर आणि विम्यावरही मिळत नाही. म्हणजे १ लाखाच्या बिलावर लागलेला कर तुमच्याच खिशातून. खात्री सीएकडून करून घ्या, पण गाडी घ्यायच्या आधी.

भोसरीच्या मुलाचं काय झालं

मी त्याच्याबरोबर ती गाडी बघायला गेलो. इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. ही पहिली खूण. थंड इंजिन सुरू होताना पहिले तीन सेकंद चेन, टेन्शनर, व्हॉल्व्ह सगळे बोलतात, ते ऐकू नये म्हणून गरम करून ठेवतात. स्कॅनर लावला तर एकही एरर नाही, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झालेल्या नव्हत्या. म्हणजे एक-दोन दिवसांपूर्वीच कोणीतरी एरर पुसल्या होत्या. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून डांबरासारखा थर. सर्व्हिसची फाइल मागितली तर २०१८ नंतर एकही कागद नाही. मालक भला माणूस होता, चहा पाजला. पण गाडी पाच वर्षं कोणी विचारलेली नव्हती.

त्याचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर नाशिक फाट्यापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी सेकंडहँड व्हीएमसी घेताना स्पिंडलला डायल लावून रनआउट बघितला होता. लॉगबुक मागितलं होतं. गाडीला नाही बघितलं."

दोन महिन्यांनी दुसरी मिळाली. तेच मॉडेल, पण ११ लाख २० हजारांना. आधीच्यापेक्षा १ लाख ७० हजारांनी महाग. मालक एक निवृत्त इंजिनिअर, फाइल दोन इंच जाड, प्रत्येक ऑइलचं बिल, कूलंट बदललेल्या तारखा पेन्सिलने लिहिलेल्या. सकाळी सात वाजता थंड इंजिन सुरू करून ऐकलं. ही घेतली. उरलेल्यातून १ लाख ३८ हजार शून्य सर्व्हिसला गेले, आणि दर पाच तारखेला दहा हजार त्या वेगळ्या खात्यात जातात.

दुसऱ्या व्हीएमसीचा ॲडव्हान्स त्यामुळे सहा महिने पुढे गेला. त्यावरून आमचं थोडं वाजलं. मी म्हणालो आधी मशिन घे, गाडी नंतर. तो म्हणाला, "सर, मशिन मी साठीपर्यंत घेत राहीन. ही गाडी आत्ता चालवायची आहे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे त्याचे, हिशोब त्याने पूर्ण केलेला.

पहिल्या ऑइलचा रिपोर्ट आलाय. तांबं किंचित जास्त, बाकी ठीक. दुसरा नमुना ७,५०० किलोमीटरला, म्हणजे साधारण फेब्रुवारीत काढणार आहे. त्याने परवानगी दिली आहे, तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून एक छोटा व्हिडिओ करीन. तोपर्यंत तुमच्या गाडीच्या पुढच्या सर्व्हिसला जुना फिल्टर मागून घ्या, आणि कागद पसरवायला घरातली चांगली थाळी वापरू नका. मी वापरली होती.

भेटूया.